राखणदाराची राखण

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातलं लवूळ जगभरच्या बातम्यांत झळकलं. माजलगाव तालुक्यातलं हे साधारण पाच हजार वस्तीचं गाव. गावात वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून न्यायचा सपाटा लावला होता. वानर यायचं, पिल्लू पोटाशी धरायचं, झाडावर नाहीतर एखाद्या घराच्या पत्र्यावर चढायचं आणि पिल्लाला तिथेच सोडून द्यायचं. काही पिल्लं उंचावरून पडून मेली, काही वर अन्नपाण्यावाचून गेली. परदेशी वर्तमानपत्रांनी 'सूड', 'टोळीयुद्ध' असे मथळे दिले. अडीचशे कुत्री मेल्याचा आकडा देशोदेशी फिरला. एवढ्या लहान गावात तो खरा वाटावा असा नव्हताच. शेवटी वनविभागाने दोन वानरं पकडून जिल्ह्याबाहेर नेली.

कुत्र्यांनी वानराचं पोर मारलं म्हणून हा बदला चालला आहे, असं गावकरी सांगत होते. अभ्यासक त्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. वानरांच्या टोळीत एकमेकांची पोरं अंगावर वागवायची रीत असते. वानराचं पोर जन्मापासून आईच्या पोटाला चार हातापायांनी घट्ट धरून बसतं. कुत्र्याच्या पिल्लाला ते जमत नाही. त्यामुळे यात वैर कमी आणि अपघात जास्त असावा, ही शक्यता मला सुडाच्या कथेपेक्षा पटते. पण ज्या घरातलं पिल्लू गेलं त्या घराला कारणाशी काय देणंघेणं! त्यांच्या अंगणाला भिंत होती, काहींच्या दाराला लोखंडी फाटकही होतं. संकट वरून आलं.

लवूळची आठवण आत्ता काढायचं कारण म्हणजे कुत्र्यांसाठी विकलं जाणारं एक यंत्र. आता ते मोबाइलवर मागवलं की घरपोच मिळतं. त्याला 'अदृश्य कुंपण' म्हणतात. भिंत नको, जाळी नको, साखळी नको, तरी कुत्रा आवाराबाहेर जाणार नाही, असा त्याचा दावा. बीड, अंबाजोगाई, परळीच्या नव्या वसाहतींत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड पाळणारी घरं वाढली आहेत. धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला शेतात बंगले उठले आहेत. चौपदरी रस्त्यावर गाड्या ज्या वेगाने जातात, त्यात सुटलेल्या कुत्र्याचा निभाव लागत नाही. ही माणसं कुत्र्याच्या मायेपोटीच उपाय शोधतात, आणि शोधताना हे यंत्र त्यांच्यासमोर येतं. त्यांना ते घ्यावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. म्हणूनच ते काय करतं आणि आपल्या भागात ते कसं वागेल, हे नीट सांगायला हवं.

आवाराच्या कडेने एक बारीक तार जमिनीत दोन-तीन इंच खोल पुरायची. तिची दोन्ही टोकं घरात बसवलेल्या डबीला जोडायची. डबी विजेवर चालते आणि तारेतून सतत रेडिओ संकेत सोडत राहते. त्या तारेत झटका नसतो. तिच्यावर कुणी उभं राहिलं तरी काही होत नाही. झटका असतो कुत्र्याच्या गळ्यात. पट्ट्याला काडेपेटीएवढी पेटी आणि पेटीच्या आतल्या अंगाला धातूच्या दोन बोथट खुंट्या. केस बाजूला सारून त्या थेट कातडीला टेकाव्या लागतात, नाहीतर झटका लागत नाही. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी वाजतो. तरीही तो पुढे सरकला की मानेला झटका बसतो. पहिले दोन आठवडे तारेच्या रेषेवर छोटे झेंडे रोवायचे, कुत्र्याला दोरीने धरून त्या रेषेशी न्यायचं, आवाज झाला की मागे ओढायचं, असं शिकवावं लागतं. मग झेंडे काढून टाकायचे.

अमेरिकेत रिचर्ड पेक यांनी १९७३ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. फिरतीच्या नोकरीत रस्त्याकडेला मरून पडलेली कुत्री पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. तिकडची घरं मोठ्या हिरवळीची, एकमेकांना लागून, आणि कित्येक वसाहतींत दर्शनी बाजूला कुंपण घालायलाच मनाई. शेजार दिसत राहावा, हिरवळ सलग राहावी आणि कुत्रा मात्र आपल्याच हद्दीत राहावा, ही तिथली गरज होती. त्या गरजेला हे यंत्र बरोबर बसलं. आता तर तारही लागत नाही. उपग्रहाच्या मदतीने मोबाइलवर बोटाने हद्द आखता येते.

हे यंत्र म्हणजे निव्वळ क्रौर्य, असं म्हणणं अन्यायाचं होईल. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये अशा कुंपणात राहणारी मांजरं तपासली. त्यांच्या स्वभावावर दीर्घकाळचा वाईट परिणाम झालेला त्यांना दिसला नाही. मांजर रस्त्यावर गाडीखाली येण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारे प्राणिप्रेमीही आहेत. कुत्र्यांबाबत मात्र चित्र एवढं सरळ नाही. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अदृश्य कुंपणातली ४४ टक्के कुत्री कधी ना कधी निसटली होती. डोळ्यांना दिसणारं साधं कुंपण असलेल्या घरांत हे प्रमाण २३ टक्के होतं. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचं त्याच कामात ते जुन्या जाळीपेक्षा उणं पडलं होतं.

आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. रिचर्ड पोल्स्की या प्राणिवर्तनतज्ज्ञाने २००० साली पाच प्रकरणं मांडली. पाचही कुत्री अशा कुंपणात राहणारी, आणि पाचांनीही माणसांवर गंभीर हल्ले केलेले. त्यामागचं कारण समजायला कुत्र्याच्या बाजूने विचार करावा लागतो. त्याला तार दिसत नाही. तो फाटकाकडे धावतो, कारण समोरून एखादं पोरगं सायकलवरून येतंय. त्याच क्षणी मानेत कळ उठते. कळ कशामुळे आली? त्याच्या लेखी समोर दिसणारं एकच कारण आहे, ते पोरगं. असं दोन-चारदा झालं की पोराची सायकल दिसताच तो दात काढतो. पाच प्रकरणांवरून सगळ्या कुत्र्यांना नियम लावता येणार नाही, पण ही रीत ज्याने कुत्री पाळली आहेत त्याला ओळखीची वाटेल. वेल्सने २०१० मध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली, आणि युरोपातले आणखी काही देश त्याच वाटेने गेले.

बीडच्या शेतकऱ्याला झटक्याचं कुंपण नवं नाही. त्याच्याकडे ते 'झटका मशीन' या नावाने केव्हाच आलं आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूरकडे रानडुकरं मका आणि भुईमूग उकरून टाकतात, हरणांचे कळप कोवळ्या सोयाबीनचे शेंडे खातात, रोही कापसात घुसतात. बुजगावणं झालं, जुन्या साड्या बांधून झाल्या, डबे वाजवून झाले, रात्ररात्र मचाणावर बसून झालं. मग बांधावर खुंट्या ठोकून दोन-तीन पदरी तार ओढली गेली, सौर पाटी आणि बॅटरी आली. मशीनची टकटक रात्री दूरवरून ऐकू येते. दर सेकंदाला एक ठोका, तोही सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता. दाब काही हजार व्होल्टचा, पण प्रवाह इतका क्षणिक की जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. राज्य सरकारच्या जन-वन विकास योजनेत वनालगतच्या गावांना अशा सौर कुंपणासाठी अनुदानही आहे.

या तारेजवळ वस्तीवरचा कुत्रा कसा वागतो, ते पाहण्यासारखं असतं. नाकाने हुंगायला जातो, एकदा केकाटतो, शेपूट पायात घालून घराकडे पळतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच बांधाने जातो, पण तारेपासून हातभर अंतर राखून. तार दिसते, तिचा वास येतो, मशीनची टकटक ऐकू येते, म्हणून कळ कुठून आली हे त्याला नेमकं ठाऊक असतं. तार ओलांडून आलेल्या पाहुण्यावर तो राग काढत नाही. पुरलेल्या तारेचं कुंपण कुत्र्याची हीच समज काढून घेतं.

एक इशारा इथेच द्यायला हवा, कारण त्यात माणसंही मरतात. मशीन विकत न घेता लाइनवर आकडा टाकून सरळ तार शेताभोवती सोडणारे लोक अजून आहेत. त्या तारेत क्षणिक ठोका नसतो. सलग, जीव घेणारी वीज असते. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले, आणि राज्यभर पाणी द्यायला निघालेले शेतकरी, गुराखी आणि त्यांच्यामागून चाललेली कुत्री मेली. तो गुन्हा आहेच; शिवाय मरणारा बहुतेक वेळा शेजारचा नाहीतर घरचाच निघतो.

अदृश्य कुंपण घ्यायचं ठरवलंच, तरी आपली जमीन त्याला साथ देईल का? गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात खोल काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात, काही भेगांत हात कोपरापर्यंत जातो. दोन-तीन इंचांवर पुरलेली बारीक तार या ओढाताणीत किती टिकणार? उंदीर आणि घुशी आहेत, पाइपलाइनसाठी खणणारे आहेत, बांधाच्या कडेला ओझरता लागणारा रोटाव्हेटर आहे. डोंगरपट्ट्यात उलट अडचण, तिथे वीतभर मातीखाली मुरूम नाहीतर दगड. तार तुटली की डबी शिट्टी वाजवते, पण ती ऐकायला घरात कुणी हवं आणि वीज हवी. वीज गेली की कुंपणच उरत नाही.

मानेचं काय? बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या वर जातो, गोचीड वर्षभर. बोथट खुंट्या कातडीला टेकून राहिल्या की तिथे घट्टा पडतो, मग जखम होते. म्हणून हा पट्टा दिवसातून काही तास काढून ठेवा, असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे गळ्यातला पट्टा एकदा बांधला की तो तुटेपर्यंत काढला जात नाही, हे कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात कळेल. पट्ट्याखाली चिघळलेल्या जखमेत पावसाळ्यात अळ्या पडायला दोन दिवस पुरतात, आणि केसांमुळे त्या वरून दिसत नाहीत. कुत्रा मान वाकडी करून सारखी खाजवायला लागला की मगच लक्षात येतं.

मराठवाड्यातल्या कुत्र्यांच्या रक्ताचाही विचार हवा. शेजारच्या लातूरकडे, आणि आपल्याही काही गावांत, कारवानी आणि पश्मी कुत्री जपली जातात. लांब पाय, चिंचोळं तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं. नजरेने सावज टिपून धावायचं, हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा धर्म. बांधापलीकडे ससा उठला की असल्या कुत्र्याला कळ आठवत नाही, तो झटका खाऊन पार होतो. परत येताना मात्र समोर ससा नसतो, असतो फक्त झटका. तो घराच्या दिशेने येतो, पट्टा वाजायला लागतो, आणि तो थबकतो. आपल्याच घराला तो बाहेरचा होतो.

या हिशेबात बिबट्या अजून आलेला नाही.

नोव्हेंबर २०२०च्या अखेरीचे ते दिवस आष्टी तालुका विसरलेला नाही. सुर्डीत एक माणूस गेला, किन्हीत एक लहान मुलगा, पारगाव जोगेश्वरीत एक बाई, सगळं आठवड्याभरात. तुरीच्या उभ्या पिकात पाय टाकायला माणसं धजत नव्हती. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, पथकं आली. बिबट्या हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात गेला, तिथेही माणसं मारली, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. असा नरभक्षक बिबट्या हा अपवाद. बाकीचे बिबटे उसात राहतात, माणसाला टाळतात आणि रात्री वस्तीच्या कडेने फिरतात. ते तिथे काय खातात, याचं उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून मिळालं आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यातला सुमारे ३९ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा होता. तिथे शेळ्या कुत्र्यांच्या कित्येक पट होत्या, तरी त्यांचा वाटा त्याहून बराच कमी. शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रा उघड्यावर असतो, याचा हा परिणाम.

अदृश्य कुंपण कुत्र्याला आत ठेवतं, बाहेरच्या कुणालाही अडवत नाही. बिबट्याच्या गळ्यात पट्टा नसतो. वानराच्या नसतो, पिसाळलेल्या भटक्या कुत्र्याच्या नसतो, रात्री येणाऱ्या चोराच्याही नसतो. साखळीला बांधलेला कुत्रा जसा ओसरीवर बिबट्याच्या तोंडी जातो, तसाच हा अंगणात जाईल. कदाचित जीव वाचवायला पळताना सीमेवरच्या झटक्याने क्षणभर थबकेल, आणि तेवढा क्षण बिबट्याला पुरतो. त्याहून गंभीर म्हणजे, दारातला कुत्रा हा बिबट्याला दारापर्यंत बोलावणारा घास आहे. ओसरीवर झोपलेल्या माणसांच्या दृष्टीने ही साधी बाब नव्हे. कुत्री, शेळ्या, वासरं रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा, असं वनविभाग वारंवार सांगतो, त्यामागे हेच आहे. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, तोही याच अनुभवातून आला. बिबट्या नरडीच धरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या शिवारात, शेतात काम करणाऱ्या बायकांनी स्वतःच्याच गळ्यात तसे खिळ्यांचे पट्टे बांधले. ती छायाचित्रं पाहिलेल्या कुणालाही वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

मला जे म्हणायचं आहे ते असं की या जिल्ह्यात कुत्रा स्वतःच कुंपण आहे. अमेरिकेतल्या हिरवळीवर कुत्रा हा घरचा लाडका आणि कुंपण त्याच्यासाठी. इथे शेतवस्तीवरचा कुत्रा घर, गोठा, खळं, विहिरीवरची मोटार आणि अंगणात निजलेली माणसं, या सगळ्यांभोवती रात्रभर फिरणारी सीमा असतो. पुष्कळ ठिकाणी शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री अशा पाळीने येते. रात्रपाळीत दोन वाजता पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या पुढे बॅटरीचा झोत आणि मागे कुत्रा असतो. विहिरीच्या कडेला साप असला तर पहिला तोच भुंकतो, उसात डुक्कर असलं तर पहिला तोच थांबतो. त्याला आवारात डांबणारा पट्टा घातला तर धन्याला त्या रात्री एकट्याने जावं लागेल.

हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा झाला की मुकादमांची धावपळ सुरू होते, उचल घेतलेली असते, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. भांडीकुंडी, गोधड्या, शेळी, कोंबड्यांचं खुराडं, पोरं, आणि पुष्कळदा सगळ्यांच्या वर बसलेला कुत्रा. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटेच्या अंधारात नवरा-बायको कोयता घेऊन फडात जातात, आणि कोपीत झोपलेल्या पोरांपाशी राहतो तो हा कुत्रा. तिथे भिंत नाही, दार नाही, दाराच्या जागी एखादं लुगडं लावलेलं. उसाच्या फडातच बिबटीण पिल्लं घालते, आणि फड तुटत गेला की ती कडेकडेला सरकत कोप्यांजवळ येते. अशा ठिकाणी माणसाच्या पोराला जी राखण सरकारने आणि कारखान्याने द्यायला हवी, ती एका भाकरीवर जगणारं जनावर देतं. याची लाज कारखानदारांना आणि राज्यकर्त्यांना वाटायला हवी.

काही कुत्री मागे राहतात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली एखाद-दोन पोरं असतात, त्यांच्या सोबतीला. काही घरांना तर चार-पाच महिने कुलूप असतं, आणि कुत्रा त्या कुलपासमोर पडून राहतो. शेजारी भाकर घालतो, कधी विसरतो. तो भटका म्हणावा तर त्याचं घर ठरलेलं आहे. पाळीव म्हणावा तर त्याचं पाहायला कुणी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांना कुंपण घाला आणि तिथली कुत्री हलवा, असा आदेश दिला. शहरात भटकं कोण आणि पाळीव कोण हे ठरवणं तुलनेने सोपं. ऊसतोडीच्या गावात ही रेषा दर दिवाळीला पुसली जाते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, माणसं परतली की, पुन्हा उमटते.

या मातीत कुत्र्याला मान नाही असं नाही. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर दोन उंच दीपमाळांचं खंडोबाचं देऊळ आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, आणि देवाला वाहिलेले वाघ्ये एके काळी स्वतःला त्या देवाचे कुत्रे मानून कोटंब्यात तोंड घालून प्रसाद खात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. त्या तसबिरीपुढे हात जोडणाऱ्या घराच्या मागच्या बाजूला दोन हात साखळीला बांधलेला, उन्हात जीभ काढून बसलेला, पाण्याचं भांडं पालथं पडलेला कुत्रा मी पाहिला आहे, आणि वाचकांपैकी प्रत्येकाने पाहिला असेल.

म्हणून अदृश्य कुंपण वाईट म्हणून आपली साखळी चांगली, असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा याबद्दल स्पष्ट बोलतो. कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने जनावराला गैरवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात खास कुत्र्यांसाठी एक पोटकलम आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने फिरवलं नाही, व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती; आज त्यात चांगली साखळीही येत नाही. शिक्षा वाढवणारा मसुदा केंद्र सरकारने २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता.

बंगल्यात लॅब्राडोर असलेल्या माणसाने आणि वस्तीवर गावठी कुत्रा असलेल्या माणसाने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बंगल्याच्या मालकाकडे यंत्राचे पैसे आहेत, तर त्याने त्या पैशांत दिसणारी जाळी लावावी, पाच-सहा फूट उंच, खालची कड मातीत वीतभर गाडलेली, म्हणजे कुत्रा उकरून जाणार नाही. फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवावी. बहुतेक कुत्री भिंतीवरून जात नाहीत, दूधवाल्यामागे उघड्या राहिलेल्या फाटकातून जातात. आणि सकाळ-संध्याकाळ त्याला चालवून आणावं. सारखा निसटणारा कुत्रा बऱ्याचदा कंटाळलेला असतो, नाहीतर माजावर आलेल्या मादीच्या वासावर निघालेला असतो. पहिल्याला फिरणं हा उपाय आहे आणि दुसऱ्याला नसबंदी.

वस्तीवर जाळी परवडणार नाही. तिथे दिवसा बांधायचाच असेल तर दोन झाडांत किंवा खांबांत उंचावर तार ताणून तिच्यात कडी अडकवावी आणि साखळी त्या कडीला लावावी. कुत्र्याला पंधरा-वीस फूट येरझारा घालता येतात, सावलीत जाता येतं. तारेचं टोक झाडापासून अलीकडे बांधावं, म्हणजे साखळी बुंध्याला गुंडाळली जात नाही. हे दिवसापुरतं. बिबट्याचा माग असलेल्या भागात रात्री त्याला शेळ्यांबरोबर आत घ्यावं, गोठ्याच्या वरच्या बाजूलाही जाळी हवी, कारण बिबट्या छपरावरून उतरतो. गोठ्यातून भुंकलं तरी घरात ऐकू जातं. पिल्लं असलेल्या कुत्रीला वानरांच्या गावात छपराखालीच ठेवावं.

आणि यंदा ऊसतोडीला निघताना, ट्रॅक्टर येण्याआधी, बरोबर नेणार असाल तरी आणि मागे ठेवणार असाल तरी, कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर लस कधी मिळेल ते कळतं. मागे राहणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात कापडी पट्टा असावा, त्यावर घराचं नाव आणि शेजाऱ्याचा मोबाइल नंबर पक्क्या शाईने लिहावा, आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील एवढा तो सैल ठेवावा. शेजाऱ्याकडे ज्वारीचं पायलीभर पीठ जास्तीचं देऊन ठेवावं, कुत्र्याच्या नावाने.